बाटली, बादली आणि उपग्रह

तुमच्या शाळेचे अक्षांश-रेखांश किती आहेत? शिक्षकांच्या शिबिरात आम्ही हा प्रश्न हमखास विचारतो. भारताचे अक्षांश-रेखांश बहुतेकांना तोंडपाठ असतात. ८° ४' उत्तरपासून ३७° ६' उत्तरपर्यंत, असे उत्तर वर्गातल्यासारखे एका सुरात येते. शाळेचे अक्षांश-रेखांश मात्र क्वचितच कोणाला सांगता येतात. गंमत अशी, की ते सांगणारे यंत्र त्या वेळी जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात असते. मोबाइल फोन आपली जागा काही मीटरच्या अचूकतेने जाणतो. आपल्याला ती जाणून घ्यावीशी वाटलेली नसते, एवढेच.

‘मी नेमका कुठे आहे?’ या प्रश्नाचे अचूक उत्तर काढणे ही शेकडो वर्षे राजेरजवाड्यांची, दर्यावर्दींची आणि लष्कराची गरज होती. ते उत्तर सर्वसामान्य माणसाच्या हाती नीटपणे आले ते मे २००० मध्ये. त्या उत्तराचा पहिला उपयोग लोकांनी कशासाठी केला असेल? लपवलेल्या वस्तू शोधण्याच्या खेळासाठी! या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. एखाद्याने कुठेतरी एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी तेवढ्या आकड्यांवरून तो शोधून काढायचा. सापडला की आतल्या वहीत नोंद करायची आणि डबा पुन्हा होता तसा ठेवायचा. ऐकायला हा पोरखेळ वाटतो. पण त्याच्या मागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि शाळेच्या परिसराकडे पाहण्याची एक चांगली रीत त्यातून मिळते. तो इतिहास आपण क्रमाने पाहू.

दलदलीतली बाटली

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उजाड पठार आहे. खाली ग्रॅनाइटचा खडक, वर गवत आणि पाणथळ माती, आणि मधूनमधून उघड्या पडलेल्या खडकांचे सुळके. पठाराच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची एक दलदलीची जागा आहे. एकोणिसाव्या शतकात तिथवर वाट नव्हती. धुके उतरले म्हणजे माहीतगार माणूसही चुकत असे. चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांना तिथे घेऊन जाई. १८५४ साली त्याने त्या जागी एक बाटली ठेवली. इतका त्रास सोसून आलेल्या माणसाने आपण आल्याची खूण म्हणून आपल्या नावाचे कार्ड तिच्यात टाकायचे.

पुढे बाटलीची जागा पेटीने घेतली. १९०५ मध्ये तिथे भेट देणाऱ्यांसाठी वही आली. लोक स्वतःचाच पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड पेटीत ठेवू लागले. पुढचा येणारा ते कार्ड खाली नेऊन टपालात टाकी. आपले कार्ड किती दिवसांनी घरी येते यावरून त्या जागी पुन्हा माणूस केव्हा पोहोचला हे कळत असे. त्यामुळे या छंदाला लेटरबॉक्सिंग हे नाव पडले. कालांतराने डार्टमूरवर अशा पेट्यांची संख्या हजारोंवर गेली. प्रत्येक पेटीत एक वही आणि एक रबरी शिक्का. शोधणाऱ्याने पेटीतला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का पेटीतल्या वहीत.

पेटीचा ठावठिकाणा कसा सांगत असत, हे विज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘पेटीपाशी उभे राहिल्यास अमुक सुळका उत्तरेपासून इतक्या अंशांवर दिसतो आणि तमुक सुळका तितक्या अंशांवर’ अशा सूचना दिलेल्या असत. हातात होकायंत्र असले की पुरे. नकाशावर त्या दोन सुळक्यांपासून त्या कोनांनी उलट रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे पेटी. म्हणजे दोन ज्ञात बिंदू आणि दोन कोन यांवरून तिसरा बिंदू काढायचा. नववी-दहावीच्या भूमितीत आपण हेच शिकवतो.

कोनांचे साम्राज्य

पेरटने बाटली ठेवली तेव्हा हीच भूमिती फार मोठ्या प्रमाणावर भारतात वापरली जात होती. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्टनने मद्रासजवळ एक आधाररेषा मोजायला सुरुवात केली. पुढे या कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ म्हणजे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. पद्धत अशी : एक रेषा साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीशी होणारे कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने मिळतात. मिळालेली बाजू ही पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा. अशी त्रिकोणांची साखळी दक्षिण टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली गेली. कोन मोजायचा थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचा होता. तो डोंगरांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवावा लागे. ही ओझी वाहणारे, झाडे तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे, जंगलातल्या तापाने मेलेले लोक बहुतांशी इथलेच होते. त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लॅम्टनचा मृत्यू १८२३ च्या जानेवारीत नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे झाला. त्याची कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे जात असतील?

लॅम्टननंतर जॉर्ज एव्हरेस्टने हे काम पुढे नेले. पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे. तिचा नेमका आकार किती धरायचा हे ठरल्याशिवाय अक्षांश-रेखांशांचे गणित होत नाही. एव्हरेस्टने १८३० मध्ये दिलेली मापे भारताच्या नकाशांसाठी दीर्घकाळ वापरली गेली. या गोष्टीकडे आपल्याला शेवटी पुन्हा यायचे आहे.

एवढ्या खटाटोपातून मिळालेले ज्ञान कोणाचे होते? ते सर्वेक्षण खात्याचे आणि लष्कराचे होते. अचूक नकाशा म्हणजे तोफा कुठे रोखायच्या आणि सारा कुठे वसूल करायचा याचे ज्ञान. स्वातंत्र्यानंतरही सीमाभागाचे आणि किनारपट्टीचे तपशीलवार नकाशे प्रतिबंधित राहिले. कोकणातल्या शिक्षकाला आपल्याच तालुक्याचा स्थलदर्शक नकाशा सहजासहजी मिळत नसे. मग मुलांना नकाशावाचन शिकवायचे ते दुसऱ्या कुठल्यातरी प्रदेशाच्या नकाशावरून!

कोनांकडून अंतराकडे

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुट्निक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम ग्वायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचे संदेश ऐकत होते. उपग्रह जवळ येताना संदेशाची वारंवारता थोडी वाढलेली आणि दूर जाताना कमी झालेली आढळे. स्टेशनात न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी आपल्याला अशीच ऐकू येते. हा डॉप्लर परिणाम. या बदलावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. तेव्हा फ्रँक मॅक्लुअर या त्यांच्या वरिष्ठाने प्रश्न उलटा केला. आपली जागा माहीत असेल तर उपग्रहाची काढता येते. मग उपग्रहाची जागा माहीत असेल तर आपली का काढता येणार नाही? त्यातून १९६० च्या दशकात ट्रान्झिट ही आरमारासाठीची प्रणाली तयार झाली. पण तिच्यात जागा कळण्यासाठी उपग्रह डोक्यावर येण्याची वाट पाहावी लागे.

पुढचे पाऊल म्हणजे जीपीएस. तिचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडण्यात आला. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सुमारे बारा तासांत पृथ्वीभोवती एक फेरी घालतात. मूळ योजना २४ उपग्रहांची होती. आज तीसच्या आसपास काम करतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. उपग्रह सतत सांगत असतो, ‘मी आता इथे आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजले आहेत.’ आपल्या हातातले यंत्र संदेश निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ ताडून पाहते. या काळाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहापासूनचे अंतर मिळते. एका उपग्रहापासूनचे अंतर कळले म्हणजे आपण एका मोठ्या गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत. दोन गोल एका वर्तुळात छेदतात. तिसरा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो आणि त्यांतला एक बिंदू सहसा अवकाशात असल्यामुळे सोडून देता येतो. मग चौथा उपग्रह कशाला? आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्त असते. त्याची चूक किती हीदेखील एक अज्ञात राशी आहे. अज्ञात चार, म्हणून समीकरणे चार.

प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. म्हणजे घड्याळ एक मायक्रोसेकंद चुकले तर अंतर ३०० मीटरने चुकते. सापेक्षता सिद्धांतानुसार उपग्रहातले घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात अकरा किलोमीटरच्या घरात चूक साठेल. ‘आइन्स्टाइनचा रोजच्या जीवनात काय उपयोग?’ असे विद्यार्थ्याने विचारले तर त्याला हे उदाहरण द्यावे.

पावणेआठ एकरांतून तीन गुंठ्यांत

१ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. त्यानंतर काही दिवसांतच अमेरिकेने जाहीर केले, की जीपीएस पूर्ण होताच ती नागरी उपयोगासाठीही खुली केली जाईल. ती खुली झाली, पण अर्धवट. मार्च १९९० पासून नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळण्यात येऊ लागली. लष्कराच्या यंत्राला अचूक जागा कळे. नागरिकाच्या यंत्राला मात्र शंभर मीटरपर्यंतची चूक सोसावी लागे.

शंभर मीटरची चूक म्हणजे किती? शंभर मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मीटर होते. आपल्या भाषेत सांगायचे तर जवळजवळ पावणेआठ एकर. एवढ्या रानात एक डबा शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे. समुद्रातल्या जहाजाला हे चालते, पायी चालणाऱ्याला चालत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी ही मुद्दाम मिसळलेली चूक बंद करण्याची घोषणा केली. त्याच मध्यरात्री ती बंद झाली. भारतात तेव्हा २ मेची सकाळ होती. जगभरच्या साध्या यंत्रांची अचूकता एका क्षणात सुमारे दहापटीने वाढली. त्रिज्या दहा मीटर धरली तर क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर, म्हणजे तीन गुंठे. त्रिज्या दहापट कमी झाली की क्षेत्रफळ शंभरपट कमी होते. तीन गुंठ्यांत डबा शोधता येतो.

हे पहिल्यांदा ज्याच्या लक्षात आले त्याचे नाव डेव्ह उल्मर. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातला हा संगणकतज्ज्ञ. ३ मे रोजी त्याने पोर्टलंड शहराजवळ बीव्हरक्रीक येथे रस्त्याकडेच्या झाडीत एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत एक वही, पेन्सिल, काही पुस्तके, चित्रफिती, एक गलोल आणि घेवड्याचा एक डबा होता. उपग्रह-मार्गदर्शनात रस असलेल्यांच्या संगणकावरील चर्चागटात त्याने तिचे अक्षांश-रेखांश दिले : ४५° १७.४६०' उत्तर, १२२° २४.८००' पश्चिम. अट अशी, की काही घ्या, काही ठेवा आणि वहीत लिहा. तीनच दिवसांत माइक टीग नावाचा गृहस्थ ती शोधून गेला. महिना संपायच्या आत मॅट स्टम याने या खेळाला ‘जिओकॅशिंग’ हे नाव सुचवले. कॅश म्हणजे लपवून ठेवलेला ठेवा. उत्तर अमेरिकेतले जुने शिकारी आणि प्रवासी परतीच्या वाटेसाठी अन्नधान्य लपवून ठेवत, त्याला हा मूळचा फ्रेंच शब्द वापरला जाई. सप्टेंबर २००० मध्ये जेरेमी आयरिशने या ठेव्यांची यादी इंटरनेटवर मांडली तेव्हा तीत ७५ ठेवे होते. आज जगभर तीस लाखांहून अधिक आहेत.

उल्मरने दिलेले आकडे पुन्हा पाहा. मिनिटानंतर तीन दशांश स्थळे आहेत. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. म्हणून तिसरे दशांश स्थळ म्हणजे १.८५ मीटर, एका माणसाच्या उंचीइतके. रेखांशाचा मिनिट मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा लहान होतो. बीव्हरक्रीकला तो सुमारे १.३ किलोमीटर आहे, तर महाराष्ट्रात १९ अंशांवर सुमारे १.७५ किलोमीटर. मुलांना कोसाइनचे कोष्टक देऊन हे काढायला लावावे.

आकडे संपतात तिथे

हा छंद एवढा वाढला याचे श्रेय केवळ यंत्राला देता येणार नाही. यंत्र तीन गुंठ्यांपर्यंत आणून सोडते. पुढचे काम डोळ्यांचे. दगडांची रास नैसर्गिक आहे की कोणी रचली आहे? या झाडाला ढोली कुठे असेल? लपवणाऱ्याने इथेच का आणले असेल? या शेवटच्या प्रश्नात छंदाचे मर्म आहे. चांगला ठेवा लपवणारा माणूस डबा दाखवत नाही, जागा दाखवतो. आपल्या गावाबाहेरचा जुना पूल, विसरलेली खाण, सुंदर दिसणारे वळण. स्वतःच्या घरापासून दोन किलोमीटरवर असे काही आहे हे ठेवा शोधताना प्रथमच कळल्याचे अनेक छांदिष्ट सांगतात.

छंदाचे दोषही लवकरच दिसू लागले. लोक एकाच वाटेने गेल्याने वनस्पती तुडवल्या जातात. ठेवा पुरण्यासाठी जमीन खणणे निषिद्ध ठरवावे लागले. दोन ठेव्यांत किमान १६१ मीटर अंतर असावे असा नियम झाला. रस्त्याकडेचा अनोळखी डबा पाहून घबराट होण्याचे प्रसंगही आले. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी गावात असा एक डबा बॉम्ब समजून लष्कराच्या पथकाने उडवून दिला. रेल्वे स्थानकावर ‘बेवारस वस्तूंना हात लावू नका’ ही सूचना रोज ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको.

म्हणून डबा नसलेले प्रकार आम्हाला शाळांसाठी अधिक योग्य वाटतात. असे दोन प्रकार सांगता येतील. ॲलेक्स जॅरेट या अमेरिकन गृहस्थाने १९९६ मध्ये, म्हणजे उल्मरच्याही आधी, जिथे पूर्ण अंशाचे अक्षांश आणि रेखांश छेदतात अशा बिंदूंवर जाऊन तिथले छायाचित्र घ्यायचे असा उपक्रम सुरू केला. नकाशावरच्या त्या काल्पनिक जाळ्याचा एक छेदनबिंदू, १८° उत्तर आणि ७४° पूर्व, सातारा जिल्ह्यात खंबाटकी घाटाच्या परिसरात येतो. पुणे-सातारा गाडीतून जाणारे हजारो लोक रोज त्याच्या जवळून जातात.

दुसरा प्रकार २००४ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाला. त्याला अर्थकॅश म्हणतात. येथे ठेवा म्हणजे ती जागाच. दिलेल्या बिंदूवर जायचे, खडक पाहायचा, मोजायचा आणि प्रत्यक्ष तिथे गेल्याशिवाय देता येणार नाही अशा प्रश्नाचे उत्तर द्यायचे. कुकडी नदीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे डोळ्यांसमोर आणा. ‘सर्वांत मोठा खळगा कोणता?’ हा प्रश्न पुस्तकातून सुटेल. पण ‘पाण्याबरोबर फिरून खळगा कोरणारे गोटे तुम्हाला किती खळग्यांत दिसले आणि ते कसल्या दगडाचे होते?’ या प्रश्नाला काठावर उभे राहावेच लागते.

आपल्या गावाचा ठेवा

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावातल्या नववीच्या मुलांबरोबर असाच एक प्रयोग केला. गावाविषयीच्या एका जुन्या टिपणात वेशीबाहेरच्या एका वीरगळाचा उल्लेख होता. जुन्या स्थलदर्शक नकाशावर वेस कुठे असावी हे पाहून आम्ही अक्षांश-रेखांश काढले आणि मुलांना दिले. मोबाइल घेऊन गट निघाले. यंत्राने ‘पोहोचलात’ असे सांगितले तेव्हा सगळे एका ज्वारीच्या शेताच्या मधोमध उभे होते! वीरगळ नाही, वेस नाही.

चूक आमची होती. एव्हरेस्टच्या मापांकडे पुन्हा यायचे आहे असे वर म्हटले ते यासाठी. जुने नकाशे एव्हरेस्टने दिलेला पृथ्वीचा आकार धरून काढलेले आहेत. जीपीएस १९८४ मध्ये ठरवलेला दुसरा आकार धरते. एकाच झाडाचे अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वेगळे येतात आणि महाराष्ट्रात हा फरक सुमारे शंभर मीटर किंवा थोडा अधिकच भरतो. संशोधनात अशा दुरुस्त्या रोज करणारे आम्ही, मुलांसमोर ती विसरलो. मग शेताच्या कडेलाच दुरुस्तीचे गणित मांडले आणि मुले ओढ्याकाठी पोहोचली. तिथे कपडे धूत असलेल्या एका आजींना मुलांनी विचारले, “आजी, इथं कुठं कोरलेला दगड आहे का?” आजींनी हातातले लुगडे बाजूला केले. “हा काय! आम्ही सासरी आल्यापासून याच्यावरच धुतोय. पालथा घातलाय तो. खालच्या अंगाला घोड्यावरचा माणूस आहे म्हणतात.”

चार-पाच जणांनी मिळून दगड उलटला. घोडेस्वार होता. वरच्या भागात चंद्र-सूर्यही होते. त्या मुलांनी त्या ओढ्यात लहानपणापासून म्हशी धुतल्या होत्या. त्यांच्यापैकी एकालाही हे माहीत नव्हते. पुढे ग्रामपंचायतीने तो दगड उचलून शाळेच्या आवारात उभा केला आणि आजींना धुण्यासाठी दुसरा दगड दिला. उपग्रह आम्हाला ओढ्यापर्यंत घेऊन गेले. पुढची वाट आजींनी दाखवली.

आता यासाठी परवानग्यांची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वांना वापरता येतील असे नकाशे वेगळे काढण्याची सोय केली. हे नकाशे जीपीएसच्याच पद्धतीने आखलेले असतात, त्यामुळे त्यांच्यापुरती वरची दुरुस्ती लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मधील मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिकांना आणि संस्थांना पूर्वपरवानगीशिवाय नकाशे तयार करण्याची बरीच मोकळीक दिली. संवेदनशील ठिकाणांवरची बंधने अर्थातच कायम आहेत.

शाळेत सुरुवात अशी करता येईल. ध्वजस्तंभाजवळ चार-पाच मोबाइल ठेवा आणि दहा-दहा मिनिटांनी प्रत्येकाने दाखवलेले अक्षांश-रेखांश लिहा. सर्व आकडे सारखे येणार नाहीत. ते आलेखाच्या कागदावर मांडा. बिंदूंचा पुंजका किती मीटर रुंद आहे हे मोजा, सरासरी काढा. मापनात चूक असतेच आणि ती किती हे सांगता आले पाहिजे, हा धडा इथे आपोआप मिळतो. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, आकाश मात्र मोकळे लागते. वर्गाच्या आत आणि पिंपळाखाली तोच प्रयोग करून पाहा.

त्यानंतर मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने शाळेपासून एक किलोमीटरच्या आतली एक जागा निवडावी. बारव, मैलाचा दगड, उघडा पडलेला बेसॉल्ट, जुना वड, बंद पडलेला घाणा, काहीही चालेल. तिचे अक्षांश-रेखांश आणि तिथे गेल्यावरच उत्तर देता येईल असा एक प्रश्न कागदावर लिहावा. कागदांची अदलाबदल करून दुसऱ्या गटाने शोध घ्यावा. डबा ठेवू नये. कठडा नसलेली विहीर, वाहते पाणी, रेल्वेमार्ग आणि कुंपणाआडची जागा वर्ज्य. शेतात जायचे तर मालकाला विचारून. पक्ष्यांची घरटी आणि चोरीला जाऊ शकतील अशा मूर्ती यांचे आकडे शाळेबाहेर जाऊ देऊ नयेत.

शेवटची गोष्ट वहीची. क्रॅनमिअरच्या पेटीत, उल्मरच्या बादलीत आणि आजच्या लहानात लहान डब्यातही ती असते. तुमच्या शाळेतही एक जाडजूड नोंदवही ठेवा. जागा, आकडे, तारीख, काय दिसले, कोणी सांगितले. दरवर्षीच्या नववीने मागच्या वर्षीच्या जागांना पुन्हा भेट द्यावी आणि काय बदलले ते लिहावे. बारव बुजली असेल, वड रस्तारुंदीत गेला असेल, ओढ्याचे पाणी महिनाभर आधी आटले असेल. दहा वर्षांत तुमच्या गावाची अशी नोंद तयार होईल जी कुठल्याही खात्याकडे नाही. तिच्यात सांगणाऱ्या आजींचे नावही असेल. लॅम्टनचा थिओडोलाइट वाहून नेणाऱ्यांची नावे जशी राहून गेली, तशी ती राहून जाऊ नयेत.

पहिल्या पानावर शाळेचे अक्षांश-रेखांश लिहायला विसरू नका.